दप्तराबाहेरचे वाजंत्री

वसंत व्याख्यानमाला आणि लग्नसराई ही एकाच मोसमाची दोन पिके आहेत. उन्हे कलली, सभागृहाच्या खिडक्या वाऱ्यासाठी उघडल्या, वक्त्याने मुद्दा रंगात आणला, की नेमकी त्याच वेळी रस्त्याने वरात येते. पुढे ढोल आणि ताशा, मागे कर्णे आणि क्लॅरिनेट, डोक्यावर दिवे घेतलेल्यांच्या दोन रांगा, आणि मध्ये घामाघूम होऊन नाचणारे नवरदेवाचे मित्र. वक्ता घोटभर पाणी पितो, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात आणि मागच्या रांगेतली चार मुले खुर्चीखाली पायाने ठेका धरतात. जळगावात काय किंवा धुळ्यात काय, हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा वक्ता विरळा. आम्ही मात्र आज असे ठरवले आहे की, त्या वरातीवर रागवावयाचे नाही. तिच्याविषयीच बोलावयाचे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वरातीत आम्ही एका म्हाताऱ्या कर्णेवाल्याच्या शेजारून चालत होतो. त्याने ओठ ओले करून एक जुनी चाल काढली आणि तरुणांनी फेर धरला. चाल संपल्यावर आम्ही त्याला विचारले, "बाबा, हे कोणाचे?" तो म्हणाला, "ते अलबेलानं गानं शे, भाऊ." आम्ही पुन्हा विचारले, "सिनेमातले ते खरे. पण त्यात कर्णा कोणी वाजवला?" तो हसला आणि म्हणाला, "कोनी वाजाडं, ते माले मालूम नही." ज्या माणसाच्या फुंकरीची नक्कल तो आयुष्यभर करीत आला, त्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर, त्या दिवशी आम्ही त्या कर्णेवाल्याचेही नाव विचारले नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन चुकांतून निघालेला आहे.

हा विषय धुळ्याच्या परिसरात मांडण्यास एक विशेष कारण आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावी देह ठेवला आणि लगेच पुढच्या वर्षी, 1927 साली, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. माळ्यावर पडलेली, वाळवीने खाल्लेली, वाण्याच्या पुडीच्या वाटेला लागलेली दप्तरे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाचवली. कागद नाही तर इतिहास नाही, हा धडा त्यांनी महाराष्ट्राला दिला. परंतु ज्यांच्या धंद्यात कागदच उरत नाही त्यांनी काय करावे? सरदाराची सनद उरते, सावकाराचे खतपत्र उरते. वाजंत्र्याचा स्वर हवेत विरतो आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही विरते. गाणे सर्वांचे होते आणि वाजवणारा कोणाचाच राहत नाही.

आता त्या अलबेलाच्या चालीचे कूळ शोधू या. आमच्या वरातीतला पितळी बँड हा मुळात लष्करी पलटणींचा. इंग्रजी पलटणींबरोबर त्यांचे कर्णे, क्लॅरिनेट आणि ढोल हिंदुस्थानात आले. संस्थानिकांनी आणि पोलिसांनी त्यांचे अनुकरण केले. आणि पुढे ती वाद्ये लग्नाच्या मांडवात उतरली. सनई आणि संबळ यांच्या शेजारी पितळेने आपले स्थान मिळवले. ज्या जातींकडे वाजवण्याचे काम परंपरेने आले होते, त्यांच्यातल्याच मुलांनी ही परकी वाद्ये हाती घेतली. कवायतीच्या ठेक्यावर चालणारे वाद्य नाचाच्या ठेक्यावर आले.

असेच स्थित्यंतर जगात इतरत्रही झाले. एडमंडो रॉस नावाचा एक वादक 1910 साली वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर जन्मला. पुढे त्याचे कुटुंब व्हेनेझुएलाला गेले आणि तेथल्या लष्करी अकादमीच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. 1937 साली तो संगीत शिकण्यासाठी लंडनला आला आणि 1940 साली, शहरावर बाँब पडत असताना, त्याने स्वतःचा नाचाच्या संगीताचा बँड काढला. रुंबा आणि सांबा हे दक्षिणेकडचे ठेके त्याने इंग्रजांच्या पायांना पेलतील असे बसवले. लंडनच्या उच्चभ्रू उपाहारगृहात राजकन्या एलिझाबेथ त्याच्या संगीतावर नाचली. त्याच्या 'वेडिंग सांबा' या ध्वनिमुद्रिकेच्या तीस लाख प्रती खपल्या असे सांगतात. 1951 साली त्याने लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील एक क्लब विकत घेऊन त्याला स्वतःचे नाव दिले. साम्राज्याच्या एका लहानशा बेटावरचा सावळा मुलगा साम्राज्याच्या राजधानीला नाचवू लागला, एवढे या बँडच्या कारकीर्दीचे सार आहे.

या रॉसच्या बँडने एक गाणे वाजवून लोकप्रिय केले होते, 'चिको चिको'. मूळ रचना अमेरिकन. ती ऐकून मुंबईतल्या एका मराठी माणसाने 1950 सालच्या 'समाधी' या बोलपटासाठी 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' हे गाणे बांधले, आणि लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांनी ते गायिले. 'समाधी' हा आझाद हिंद सेनेवरचा चित्रपट! इंग्रजांशी लढणाऱ्या सेनेच्या कथेत इंग्रजांच्या राजधानीत गाजलेला नाचाचा ठेका सुखाने नांदला आणि एकाही प्रेक्षकाला त्यात वावगे वाटले नाही. राज्ये भांडतात, ठेके भांडत नाहीत.

तो मराठी माणूस म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. 1918 साली नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यास जन्मलेला, विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त गाणे शिकलेला. चाल बांधली की तो सी. रामचंद्र असे आणि स्वतः गायिला की चितळकर. 1947 च्या 'शहनाई'पासून त्याने पाश्चात्य ठेक्यांचा जो मळा फुलवला त्याला तोड नाही. परंतु एक साधा प्रश्न येथे विचारला पाहिजे. मराठी मातीत वाढलेल्या आणि ग्वाल्हेर परंपरेची तालीम घेतलेल्या या माणसाला ते ठेके, ते कर्ण्यांचे तुकडे, त्या एकावर एक रचलेल्या स्वरांच्या पट्ट्या कोणी लिहून दिल्या? याचे उत्तर गोव्यात आहे.

पोर्तुगीज अमलातील गोव्यात गावच्या चर्चला जोडून शाळा असे आणि तीत मुलांना पाच रेघांवरचे स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. वाचता-लिहिता येणारा वादक ही गोव्याची निर्यात होती. हे वादक पलटणींच्या बँडांत गेले, संस्थानिकांच्या पदरी गेले, मूकपटांच्या पडद्याखाली बसले, आगबोटींवर आणि हॉटेलांत वाजवू लागले. 1935 साली लिऑन ॲबी हा निग्रो वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि अमेरिकेचे जॅझ संगीत गोव्याच्या वादकांनी समोर बसून ऐकले. ॲबीच्या मागून त्याच्या देशाचे आणखीही वादक आले. त्यांपैकी टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तर 1945 साली कलकत्त्यासच वारला. या मंडळींनी गोवेकरांना नुसत्या चाली शिकवल्या नाहीत. कागदावरील स्वरांच्या पलीकडे जाऊन, त्या क्षणी सुचेल तसे वाजवण्याची हिंमत शिकवली. आपल्या तमाशातल्या ढोलकीवाल्याला ही हिंमत जन्मजात असते, म्हणून आपल्याला तिचे नवल वाटू नये.

बार्देशमधील हळदोणे गावी 1916 साली अंतोनियो शाविएर वाझ नावाचा मुलगा जन्मला. मुलाने यंत्रे दुरुस्त करण्याचे इभ्रतीचे काम शिकावे अशी आईची इच्छा होती. मुलाने ट्रम्पेट हाती धरले. अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगचा तो एकलव्य. आर्मस्ट्राँगसारखा रुमाल, आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज आणि आर्मस्ट्राँगसारखी टिपेची फुंकर. त्याने नाव घेतले चिक चॉकलेट. चाळिशीच्या दशकात 'म्यूझिक मेकर्स' हा त्याचा स्वतःचा बँड ताजमहालात वाजू लागला. नाचणाऱ्यांत इंग्रज अंमलदार, पारशी धनिक आणि युद्धाच्या निमित्ताने मुंबईत आलेले सैनिक होते. त्या काळी नाचाच्या बँडला काम कमी नव्हते. भुसावळसारख्या रेल्वेच्या मोठ्या ठाण्यांवरही अँग्लो-इंडियन वस्ती असे आणि रेल्वेच्या क्लबांत जोडीनाचाचे कार्यक्रम होत. शेजारच्या गावातल्या आपल्या वाडवडिलांना त्याचा पत्ता नव्हता, एवढेच.

मग दोन घटना लागोपाठ घडल्या. 1947 साली इंग्रज गेले आणि नाचणारे गिऱ्हाईक पातळ झाले. त्यानंतर मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून पूर्ण अमलात आला. हॉटेलांत मद्य बंद, म्हणून रात्री ओस, म्हणून बँडही नकोसे. दारूबंदीचे बरेवाईट परिणाम खानदेशानेही पाहिले आहेत. आपणही त्या वेळी मुंबई राज्यातच होतो. परंतु या कायद्याने हिंदी चित्रपटाचे संगीत समृद्ध केले, हा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनातही नव्हता. पोट भरण्यासाठी गोव्याचे वादक मोठ्या संख्येने ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत शिरले.

तेथे कामाची एक नवीनच रीत जमली. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. गोवेकर वाद्यसंयोजक ती पाच रेघांवर उतरून घेई, तिच्याभोवती व्हायोलिनांची किनार विणी, कडव्यांच्या मधल्या जागा कर्ण्याने आणि सॅक्सोफोनने भरी, आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा त्याचा कागद ठेवी. एकाला सरगम येई, दुसऱ्याला नोटेशन; एक मराठीत बोले, दुसरा कोंकणीत; आणि दोघांच्या मधून हिंदी गाणे बाहेर पडे. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा असा सहायक झाला. 1951 साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. त्यातल्या 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांचा जो मेळ आहे तो ताजमहालातल्या रात्रींचा वारसा आहे. एवढेच नव्हे, तर त्या चित्रपटात चिक आणि त्याचे साथीदार प्रत्यक्ष पडद्यावर उभे आहेत. लाखो लोकांनी त्यांना पाहिले. पाहिले ते भगवानदादांच्या आणि गीता बालीच्या मागे.

हे गाणे आपल्याकडे कसे पोहोचले? चित्रपटगृहांतून पोहोचले, यात्रेतल्या तंबूच्या सिनेमांतून पोहोचले आणि चहाच्या दुकानांतल्या ग्रामोफोनवरून पोहोचले. 1952 साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार बंद केले. तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री होते आणि चित्रपटसंगीताने देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवून सिलोन लावले. पण या सर्वांहून मोठी वाट लग्नाच्या बँडची. ज्याच्या घरी रेडिओ नव्हता त्यालाही वरात होती. बँडवाला चित्रपट पाहून येई, चाल कानात धरून येई, आणि घरी बसून क्लॅरिनेटवर ती शोधून काढी. त्याच्यापुढे लिहिलेला कागद नव्हता. ताजमहालात अकरा माणसांनी कागद वाचून जे वाजवायचे, ते आमच्या बँडवाल्याने कानाच्या बळावर, चालत्या पायांनी, उन्हात वाजवले. लंडनचा रुंबा, अमेरिकेचे जॅझ, गोव्याचे चर्च आणि पुणतांब्याचा चितळकर हे चौघे अशा रीतीने तापीकाठच्या एका वरातीत एकत्र आले.

आता नावांचा हिशेब मांडू. ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर चित्रपटाचे नाव असे, संगीतदिग्दर्शकाचे नाव असे. गाणाराचे नाव तरी सदैव असे काय? 1949 च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला' या गीताच्या तबकडीवर प्रथम 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते. लता मंगेशकर हे नाव लोकांनी विचारल्यावर पुढे आले. गाणारांनी आपले नाव झगडून मिळवले. वाजवणारांना ते मिळाले नाही. चिक चॉकलेटने 'नादान'सारख्या एकदोन चित्रपटांना स्वतंत्र संगीत दिले. तेवढ्यापुरते त्याचे नाव आले. 1966 सालच्या 'आखरी खत'मध्ये तो पुन्हा ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसला आणि 1967 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मुंबईत वारला. इकडे वऱ्हाड-खानदेशात त्याची फुंकर रोज वाजत होती. मेल्याची बातमी वाजवणाऱ्यांपर्यंत आलीच नाही, कारण जिवंत असल्याचीही आली नव्हती.

याहून चमत्कारिक गोष्ट अँथनी गोन्साल्विस यांची. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक चित्रपटसृष्टीतला मातबर वाद्यसंयोजक. 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात भारतीय रागांवर आधारलेला भव्य वाद्यवृंद सादर केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. शिष्याने 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या एका गाण्यात गुरूचे पूर्ण नाव गोवले आणि ते नाव देशातल्या पोरासोरांच्या तोंडी झाले. पण हे कोणा खऱ्या माणसाचे नाव आहे अशी शंकाही कोणाला आली नाही. ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आणि जो कोणालाच ठाऊक नाही, असा हा एकमेव वादक असावा. ते 2012 साली निवर्तले.

आणि कागदांचे काय झाले? एडमंडो रॉसचा शेवट ऐका. 1975 साली जपानच्या दौऱ्यात वादकांच्या संघटनेच्या प्रतिनिधीशी त्याचे बिनसले. परत आल्यावर त्याने सर्वांना मेजवानी दिली, जेवणानंतर बँड मोडल्याचे जाहीर केले आणि पस्तीस वर्षांत जमलेले वाद्यसंयोजनाचे जवळजवळ सर्व कागद नष्ट केले. तो स्वतः शंभर वर्षे जगून 2011 साली वारला; त्याचा बँड मात्र कागदांबरोबर त्याच दिवशी मेला. राजवाड्यांच्या गावात ही हकीकत सांगताना आमचा घसा कोरडा पडतो. तरी रॉसजवळ जाळावयास कागद तरी होते! त्याच्या ध्वनिमुद्रिका आहेत, छायाचित्रे आहेत, त्याचे चरित्र लिहिता येते. चिकचेही थोडेफार येते. वरातीतल्या कर्णेवाल्याचे काय लिहाल?

कोणी म्हणेल, नकलेचा कसला इतिहास? दुसऱ्याच्या चाली वाजवणाऱ्याची नोंद कशाला? आम्हांला हा आक्षेप मान्य नाही. चिकने आर्मस्ट्राँगची नक्कल केली, चितळकरांनी रॉसच्या बँडची चाल उचलली, रॉसने अमेरिकेची. नकलेचा दोष द्यावयाचा तर या साखळीत निर्दोष कोणी नाही. आणि प्रत्येकाने आपली भर घातली हे गुण म्हणून मोजावयाचे, तर त्या मापाने आमचा बँडवालाही मोजला पाहिजे. त्याने रुंब्याला वरातीची चाल दिली. दमलेल्या वऱ्हाडाला आणखी शंभर पावले चालवील एवढी लय कुठे वाढवावी आणि नवरीची आई रडू लागल्यावर ती कुठे उतरवावी, हे त्याला कोणत्याही कागदाने शिकवले नव्हते.

ही गोष्ट आज बोलण्याचे कारण असे की, तो बँडही आता सरत चालला आहे. आधी बेंजो आला, मग गाडीवर ठेवलेला कीबोर्ड आला, मग भिंतीएवढे आवाजाचे पेटारे आले. एक माणूस कळ दाबतो आणि वीस माणसांचे काम होते. काळाविरुद्ध तक्रार करणे इतिहासकाराला शोभत नाही. 1950 साली हॉटेलांतले बँड गेले, तसे हेही जातील. पण हॉटेलांतले वादक स्टुडिओत गेले. आमचा कर्णेवाला कोठे जाईल? त्याच्या वाट्याला मजुरी येते, आणि पितळेचा कर्णा मोडीच्या भावाने विकला जातो.

म्हणून श्रोत्यांपाशी आमचे एवढेच मागणे आहे. आपापल्या गावातल्या जुन्या बँडवाल्याच्या घरी जा. इसाराच्या वह्या असतील तर पाहा. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, किती माणसे, किती बिदागी, हे त्यांत लिहिलेले असते. गणवेशातला एखादा जुना फोटो असेल तर त्यातल्या माणसांची नावे मागच्या बाजूस लिहून घ्या. तो कोणाकडे शिकला ते विचारा. कोणती चाल कोणत्या वर्षी पहिल्यांदा वाजवली तेही विचारा. राजवाड्यांना दप्तरांसाठी शेकडो कोस पायपीट करावी लागली. आपल्याला दोन गल्ल्या ओलांडावयाच्या आहेत. शिवाय त्यांच्या दप्तरांतली माणसे मेलेली होती. आपले दप्तर अजून चालते, बोलते आणि चहा विचारते.

आम्ही त्या म्हाताऱ्या कर्णेवाल्याला शोधीत पुढच्या लग्नसराईत पुन्हा त्याच गल्लीत गेलो होतो. बँडचे दुकान बंद झाले होते. शेजारच्याने सांगितले, म्हातारा मागच्या पावसाळ्यात गेला. त्याचे नाव आम्ही विचारले, तेव्हा शेजारी म्हणाला, "सगळे त्याले 'अलबेला' म्हनेत." खरे नाव त्यालाही ठाऊक नव्हते.